पावणेतेरा इंच

फोन आला तेव्हा मी दहावीच्या पूर्वपरीक्षेला सुपरव्हिजन करत होते. वर्गात फोन न्यायची परवानगी नसते, म्हणून ऑफिसमधली मुलगी धावत दाराशी आली आणि खुणेनंच म्हणाली, ‘मॅम, अर्जंट.’ मी आधी वर्गाकडे नीट पाहून घेतलं, कारण दाराशी गडबड झाली की मागच्या बाकांवर चिठ्ठ्या फिरतात, हे मला एकोणीस वर्षांत चांगलं कळलंय. मग ऑफिसात गेले. फोनवर शाजी होता. माझे यजमान दिगंबर ज्या शूटिंग रेंजवर काम करायचे, तिथला हा मल्याळी ड्रायव्हर. ‘मॅडम, दिगंबरभाई गिर गया. हॉस्पिटल लेके आया है. आप जल्दी आओ.’ आणि मी, पंचवीस वर्षं त्यांच्याशी संसार केलेली बायको, काय विचारावं? शुद्धीवर आहेत का, श्वास चालू आहे का… काही नाही. मी विचारलं, ‘उनके साथ कौन था?’ शाजीनं आधी हॉस्पिटलचं नाव सांगितलं. मग म्हणाला, ‘छोटी मॅडम थी.’

मी पोहोचले तोवर सगळं संपलं होतं. त्याला आता सात आठवडे झाले, पण त्या प्रश्नाची लाज काही गेलेली नाही. गेलेल्या माणसावर लिहिताना लोक त्याचे गुण सांगतात. मी आधी माझा अवगुण सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. मी संशयी आहे. साताऱ्याला लहानपणापासून घरात मला ‘फौजदारीण’ म्हणायचे. कोथिंबिरीची जुडी सोडून आत बघितल्याशिवाय मी घेत नाही, डॉक्टरनं गोळी दिली की दुसऱ्या डॉक्टरला दाखवते, आणि मुलानं ‘मित्राकडे अभ्यासाला जातो’ म्हटलं की मित्राच्या आईला फोन करते. दिगंबरांना ह्याचं हसू यायचं. लोकांसमोर मी त्यांना ‘अहो’ म्हणायचे आणि भांडण पेटलं की ‘अरे’वर यायचे. ते म्हणायचे, ‘अगो, तुझ्या ‘अरे’त जास्त प्रेम आसा.’ घरात ते मालवणी बोलायचे, मी सातारी, आणि आमचा ओंकार दोन्ही ऐकून इंग्रजीत उत्तर द्यायचा.

ते कुडाळकडच्या खेड्यातले. हात सोन्याचा. इथे बहरीनमध्ये अस्करला एका वर्कशॉपमध्ये ते लेथवर होते, केसाएवढ्या फरकानं धातू कापायचे. तिथे एकदा बू यूसुफ नावाचे एक बहरिनी गृहस्थ आपल्या रायफलचा कसलासा बारीक स्क्रू बनवून घ्यायला आले. दिगंबरांनी स्क्रू तर करून दिलाच, वर रायफल हातात घेऊन सांगितलं की हिचा लाकडी दस्ता नळीला एका बाजूनं घासतोय, म्हणून गोळी डावीकडे जात असणार. ती जातच होती. महिन्याभरात बू यूसुफनं ह्यांचा व्हिसा आपल्याकडे करून घेतला. सखीरच्या पलीकडे वाळवंटात त्यांची स्वतःची लायसनची रेंज आहे. वर्षातून एकदा ते आफ्रिकेत शिकारीला जातात, आणि त्यांच्या बंदुका साफ करणं, जुळवणं, मारून बघणं, हे सगळं दिगंबरांकडे आलं. मी तेव्हाही संशय घेतला होता. लेथवरचा माणूस, याला बंदुकीतलं काय कळतं?

पण त्यांना कळत होतं, आणि ते कळणं त्यांच्या आईकडून आलं होतं. माझे सासरे मुंबईला गिरणीत, गावात भातशेती आणि शेतात रानडुकरांचा धुमाकूळ. शेतसंरक्षणाची एकनळी बंदूक आजोबांच्या नावावर होती, पण आजोबांना दिसायचं नाही, म्हणून बार काढायच्या सासूबाई. चार फूट अकरा इंच बाई! पहिल्यांदा बंदुकीनं मागे अशी लाथ मारली की त्या बांधावरून चिखलात पडल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी करवत घेतली, दस्ता मागून तीन बोटं कापला, वर पोत्याची घडी खिळ्यांनी ठोकली आणि पुन्हा खांद्याला लावली. आजोबांनी आकांडतांडव केलं, पण त्यानंतर बाई कधी पडली नाही. दिगंबर ही गोष्ट प्रत्येक पाहुण्याला सांगायचे आणि शेवटी म्हणायचे, बंदूक वाईट नसते, ती फक्त दुसऱ्याच्या मापाची असते.

मागच्या हिवाळ्याच्या सुरुवातीला त्यांच्या वागण्यात फरक पडला. आंघोळ करून बाहेर आले तेव्हा उजव्या खांद्यावर तळहाताएवढा काळानिळा डाग. ‘हे काय?’ ‘काय नाय गो, आपाटलं.’ चार दिवसांनी डाग पिवळा पडला आणि त्याच्या शेजारी नवा निळा. माणूस रोज एकाच जागी कसा आपटतो? मग संध्याकाळचे फोन सुरू झाले. उम्म अल हस्समच्या आमच्या फ्लॅटची बाल्कनी म्हणजे दोन खुर्च्या आणि कपड्यांचा स्टँड एवढीच, पण ते फोन घेऊन तिथे जायचे आणि काच ओढून घ्यायचे. एकदा काच नीट लागली नव्हती. मला स्पष्ट ऐकू आलं, ‘नहीं मॅडम, कंधे को तकलीफ नहीं होगा. हम है ना. इंशाल्ला, एकदम सॉफ्ट मिलेगा.’ मी गॅसवर भाजी करपवली. अंगाला उदाचा वास यायचा, तो बू यूसुफच्या मजलिसमधल्या, म्हणजे बैठकीच्या दालनातल्या, धुपाचा, हे मला माहीत होतं. तरी त्या आठवड्यापासून मी शर्ट धुवायला टाकण्याआधी हुंगायला लागले.

आणि मग टेप. मी कणीक मळत होते, तर हे पाठीमागून आले आणि माझ्या कोपराच्या खोबणीपासून पहिल्या बोटाच्या पेरापर्यंत टेप लावली. ‘अगो, हात वायच सरळ कर.’ मी विचारलं, कशाला? ‘असाच.’ पंचवीस वर्षांत बांगडीचंसुद्धा माप न घेतलेला माणूस! दोन दिवसांनी वजन विचारलं. मग खांदे मोजले. त्यांच्या पाकिटात मला एक चिठ्ठी सापडली… हो, मी पाकीट बघते, लपवत नाही. चिठ्ठीवर वर इंग्रजी ‘एम’ अक्षर, खाली माझ्या हाताचं माप, पावणेतेरा, आणि पुढे तीन आकडे, त्यातले दोन खोडलेले. माझं नाव सुनंदा. त्यात ‘एम’ कुठून येणार? माझ्या डोक्यात त्या दिवशी जे जे आलं ते इथे लिहीत नाही. एवढंच सांगते की माझ्या मापाची दुसरी कुणीतरी बाई आहे आणि तिच्यासाठी काहीतरी शिवून घेतलं जातंय, अशी माझी खात्री झाली.

शिवणं नव्हतं ते, तासणं होतं. बाल्कनीत बसून ते लाकडाचा एक तुकडा तासू लागले. हळूहळू त्याला आकार आला. बंदुकीचा मागचा भाग असतो ना, खांद्याला टेकणारा दस्ता, तसा. नळी नाही, चाप नाही, नुसतं लाकूड, मागे मऊ रबर आणि मध्ये घालायला पातळ पातळ फळ्या. एक फळी घालायचे, मला हाक मारायचे, माझ्या खांद्याला लावून बघायचे. माझा अंगठा आणि नाक यांच्यात स्वतःची दोन बोटं धरून अंतर तपासायचे. ‘गप रव. गाल टेकव. आता?’ मी म्हणायचे, टोचतंय. ते एक फळी काढायचे. ‘परत एकदा.’ पुन्हा लावायचे. ‘आता?’ मी म्हणायचे, मान आखडते. ‘परत एकदा.’ असं किती दिवस चाललं! शेवटी माझा संयम सुटला. म्हटलं, ‘काय चाललंय काय तुमचं? मला काय येडी समजता? कुणासाठी आहे हे?’ ते लाकडावरचा भुसा फुंकत म्हणाले, ‘एका माणसाक बंदूक होयी. लाथ न मारणारी.’ ‘माणसाला की बाईला?’ त्यावर ते उठून हात धुवायला गेले. खोटं बोलता यायचं नाही त्यांना, म्हणून गप्प बसायचे, आणि त्यांचं गप्प बसणं मला खोट्याहून जास्त लागायचं.

नंतरच्या शुक्रवारी सकाळी म्हणाले, चल, तुला रेंज दाखवतो. बू यूसुफला फोन करून परवानगी घेतली होती. मला वाटलं, माफी मागायची ही त्यांची तऱ्हा. डब्यात घावणे घेतले, थर्मासमध्ये चहा घेतला आणि गेलो. शुक्रवार, त्यामुळे रेंजवर चिटपाखरू नव्हतं. लांब मातीचा बांध, त्याच्या पुढे कागदी निशाण, अलीकडे पत्र्याच्या शेडमध्ये टेबल, आणि टेबलावर तीन रायफली. दिगंबर खुशीत आले की शिकवायला लागतात, तसे लागले. लोकांना वाटतं बाईमाणसाला हलकी बंदूक द्यावी, पण हलकी बंदूकच जास्त लाथ मारते, वजनदार असेल तर धक्का ती स्वतःच्या अंगात जिरवते. म्हणून पहिली बाद. दुसरीच्या नळीच्या तोंडाला भोकं पाडलेली टोपी, तिच्यानं धक्का निम्मा होतो, पण आवाज असा की शेजारी उभा असलेला माणूस शिव्या घालेल, आणि आवाजाला घाबरलेला माणूस धक्क्यालाही घाबरतो. ती पण बाद. तिसरी साडेसहा मिलिमीटर गोळीची, अक्रोडाच्या दस्त्याची, जराशी जड, आणि तिचा दस्ता मागून कापून रबर लावलेलं. मी न विचारताच ओळखलं. पावणेतेरा इंच.

त्यांनी माझ्या कानावर जाड हेडफोनसारखं काहीतरी चढवलं, डोळ्यांना चष्मा लावला, कोपराखाली वाळूच्या पिशव्या ठेवल्या आणि सांगितलं, श्वास अर्धा सोड, डोळे उघडे ठेव, चाप ओढू नको, हळूच दाबत जा. मी बार काढला. खांद्यावर कुणीतरी ओळखीच्या माणसानं थाप मारावी इतकंच! मला हसूच आलं. दुसरा काढला. तिसऱ्याला मी चाप दाबला आणि नुसता ‘टक्’ असा आवाज झाला. आणि बार झालाच नाही तरी माझी नळी खाली आपटली, खांदा पुढे गेला, डोळे घट्ट मिटलेले. त्यांनी मला न सांगता मधलंच एक काडतूस रिकामं भरलं होतं. ‘बघितलंस?’ ते म्हणाले. ‘तू धको बसूच्या आदीच धको खातंस. बंदुकीत काय नायच हा, आणि तू डोळे मिटलंस.’ मग हसून म्हणाले, ‘परत एकदा.’

मला इतका राग आला की मी बंदूक टेबलावर ठेवून कानावरचं ओढून काढलं. म्हणजे हे फिरायला आणणं नव्हतं, परीक्षा होती. आणि परीक्षा घेणारी मी, माझी परीक्षा घेतात? तेवढ्यात शेडच्या खुंटीला मला ते दिसलं. गुलाबी रंगाचं, तसंच कानावर चढवायचं, लहान मापाचं, आणि त्याच्या पट्टीला अडकलेला एक लांब काळा केस. ‘हे कुणाचं?’ दिगंबरांनी तिकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, ‘पावण्यांचा.’ घावण्यांचा डबा न उघडता आम्ही घरी आलो. त्यानंतर तीन आठवडे मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलले. जेवायला वाढलंय. गॅस संपलाय. ओंकारचा फोन येऊन गेला. ते मात्र नेहमीसारखे. एकदा मी रागानं दार आपटलं तर आतून म्हणाले, ‘परत एकदा!’ मी हसले नाही. आता वाटतं, हसले असते तर काय बिघडलं असतं?

शेवटच्या दिवशी सकाळी ते बूट घालत होते आणि मी पर्स शोधत होते. म्हणाले, ‘आज माझा काम संपता. बंदूक आज देवन टाकतंय. सांजेक तुका सगळा सांगतंय, बस माझ्यासमोर.’ मी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. म्हटलं, ‘खलास. मला काही ऐकायचं नाही.’ आणि लिफ्टचं बटण दाबलं. हेच आमचं शेवटचं बोलणं.

डॉक्टर म्हणाले, हार्ट. मी विचारलं, बंदुकीच्या धक्क्यानं? नाही म्हणाले. मी तीनदा विचारलं, त्यांनी तीनदा न चिडता सांगितलं की नाही, ब्लॉकेज जुनं होतं. ओंकार पुण्याहून आला, अंत्यसंस्कार इथेच केले. सगळे रडत होते आणि मी लोकांच्यात तिला शोधत होते. छोटी मॅडम. त्यांच्या शेवटच्या घटकेला जी तिथे होती आणि मी नव्हते. त्यांच्या फोनमध्ये शेवटचे सगळे कॉल ‘एम’ नावाच्या नंबरला होते. ओंकारनं माझ्या हातातून फोन काढून घेतला. ‘आई, प्लीज. स्टॉप इट. ही इज गॉन.’ मी म्हटलं, तेच तर, आता विचारू कुणाला?

चौथ्या आठवड्यात बू यूसुफनी शाजीकरवी निरोप पाठवला की आम्ही येतो. मी घर आवरलं आणि मनात प्रश्नपत्रिका काढून ठेवली. ते आले, पांढरा पायघोळ थोब घातलेले, साठीचे, आणि त्यांच्या मागे काळ्या अबायातली बावीस-तेवीस वर्षांची मुलगी. डोळे सुजलेले. तिनं बूट काढले आणि माझ्यासमोर उभी राहिली, तर तिचे डोळे बरोबर माझ्या डोळ्यांसमोर. माझीच उंची, माझेच आखूड हात, माझेच अरुंद खांदे. बू यूसुफ म्हणाले, ‘सिस्टर, ये मेरा बेटी, मरियम.’ एम.

वडिलांबरोबर शिकारीला जायचं तिचं लहानपणापासूनचं स्वप्न. वडिलांच्या रायफलनं तिनं पहिला बार काढला तेव्हा खांदा सुजला, भाऊ हसले, आणि त्यानंतर चाप दाबायच्या आधीच तिचे डोळे मिटायला लागले. तेव्हा दिगंबर म्हणाले होते, बंदूक बदलू. तीन महिने एकेक बंदूक ते आधी स्वतःच्या खांद्यावर मारून बघत होते, कुठली किती लाथ मारते ते. पण दस्ता बेतायचा तर माप लागतं, आणि मालकाच्या मुलीच्या अंगाला टेप लावायची कशी? हे ती इंग्रजीत सांगत होती आणि मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते, कॉपी करणाऱ्या पोरांकडे बघते तशी. ती म्हणाली, ‘अंकल म्हणाले, तुझं माप नको. माझी मिसेस बरोबर तुझ्याएवढी आहे. तिला बसली की तुला बसेल. आणि ती पास करेल तीच बंदूक पास, कारण तिच्या नजरेतून काही सुटत नाही. तिला टोचलं तर ती सांगतेच.’

तरी मी उठले. बाल्कनीतून तो लाकडी दस्ता आणला, तिच्या हातात दिला आणि म्हटलं, लाव. तिनं न विचारता खांद्याला लावला, गाल टेकवला. मी माझी दोन बोटं तिच्या अंगठ्याच्या आणि नाकाच्या मध्ये धरली. चपखल. त्यानंतर मला काही विचारायचं उरलं नाही, माझी प्रश्नपत्रिका तिथेच संपली. खाली बसले आणि सात आठवड्यांत… नाही, तेव्हा चारच झाले होते, चार आठवड्यांत पहिल्यांदा मोठ्यानं रडले.

बू यूसुफ गोंधळून मुलीकडे बघायला लागले. त्यांना वाटत होतं मला हे सगळं माहीत आहे. ‘उसने आपको नहीं बोला?’ मी नाही म्हणून मान हलवली. त्यांनी कपाळाला हात लावला. सुरुवातीलाच त्यांनी दिगंबरांना बजावलं होतं की घरच्या मुलीची गोष्ट बाहेर काढायची नाही. त्यांच्याकडे ती रीतच आहे, नोकरमाणसानं घरातल्या बायकांचं नावसुद्धा बाहेर घ्यायचं नसतं. ‘लेकिन सिस्टर, मैंने मजलिस का लोग के लिये बोला. ड्रायव्हर लोग के लिये. मिसेस को तो बोल सकता था! मिसेस थोडी बाहर का है?’

ऐकलंत? अरे दिगंबर, तुझ्या मालकाला कळतं ते तुला कळलं नाही? शब्द दिला म्हणजे दिला, इतका सरळ माणूस, की बायकोला बाहेरच्यांत मोजलंस आणि तीन महिने माझी बोलणी खाल्लीस. हा राग माझा गेलेला नाही आणि मी तो घालवणारही नाही. 

जाताना मरियमनं त्या दिवसाचं सांगितलं. पाच काडतुसं भरली होती, मधलं एक रिकामं, कुठलं ते तिला ठाऊक नव्हतं. चौथ्याला ‘टक्’ झालं. नळी हलली नाही, डोळे उघडे. दिगंबरांनी टाळी वाजवली, म्हणाले, ‘बस, खलास! आज घर जाके मिसेस को सब बोलेगा,’ आणि हसत हसत खुर्चीवर बसले. बसल्या बसल्याच खाली कोसळले, ते पुन्हा उठले नाहीत. तिनं पर्समधून ते रिकामं काडतूस काढून माझ्या हातावर ठेवलं. ‘तुमच्याकडे असू दे,’ म्हणाली. यंदा ती वडिलांबरोबर जाणार आहे.

आता संध्याकाळी शाळेचे पेपर तपासून झाले की मी बाल्कनीत बसते. काडतूस त्यांच्या खुर्चीवर असतं. मी दस्ता खांद्याला लावते, गाल टेकवते. पावणेतेरा इंच, कुठे टोचत नाही, कुठे आखडत नाही. माझ्या अंगाला इतकी नेमकी बसणारी दुसरी वस्तू ह्या घरात नाही. श्वास अर्धा सोडते. डोळे उघडे ठेवायचे असं ठरवते आणि नसलेला चाप हळूच दाबते. नळी नाही, गोळी नाही, काही होणार नाही हे मला पक्कं माहीत असतं… तरी डोळे आधीच मिटतात. मग मीच मोठ्यानं म्हणते, ‘परत एकदा.’